रामलिंगच्या जंगलात पळायचंय, पण सासूबाई म्हणतात तिकडं वाघ आलाय

प्रश्न: मी ४१ वर्षांची आहे, जुळे सोलापुरात राहते, बँकेत नोकरी करते. चार वर्षांपासून पहाटे रस्त्यावर पळते. दहा किलोमीटरला मला सत्तर मिनिटं लागतात. जानेवारीत सह्याद्रीतल्या एका ट्रेल रनला, म्हणजे डोंगरवाटेवरच्या पळण्याच्या शर्यतीला, आम्ही तिघी मैत्रिणींनी नावं दिलीत. २१ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ. नाव देताना हौस होती, आता पोटात गोळा येतोय, कारण आपल्याकडं चढ म्हणून नाहीच. मैत्रिणी म्हणतात, पाऊस उघडला की दर रविवारी येडशीच्या रामलिंगच्या जंगलात सराव करू. सासूबाई म्हणतात, तिकडं वाघ आलाय, अजिबात जायचं नाही. मिस्टर म्हणतात, मग नान्नजला जा, जवळ पडतं. कुणाचं ऐकू? जंगलातला पळण्यासारखा मार्ग सांगा. वेगळे बूट लागतात का? आणि ते पंचवीस हजारांचं घड्याळ घ्यावं का?
– चढाच्या शोधात, जुळे सोलापूर

ताई,

तुम्ही तिघांची तीन मतं कळवलीत. त्यात सासूबाईंचं मत सगळ्यात कामाचं आहे, म्हणून आधी त्यांच्याकडं वळतो.

वाघाची गोष्ट अफवा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वन विभागाच्या कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ टिपला गेला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात; ते जुळवून पाहिल्यावर तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला नर निघाला. चार-पाचशे किलोमीटरची वाट, मधे शेतं, महामार्ग, गावं, आणि हा गडी फारसा कुणाच्या नजरेस न पडता आपल्या बालाघाटच्या डोंगररांगेत येऊन पोचला. (तुमच्या २१ किलोमीटरची मला उगीच काळजी वाटत नाही ती त्यामुळंच.) पुढं बार्शी तालुक्यातही त्याचा वावर दिसला, गुरं मारली गेली, २०२५ च्या सुरुवातीला त्याला बेशुद्ध करून हलवायचे प्रयत्न झाले, पण पथकांच्या हाती तो लागला नाही.

आता यावरून रामलिंगला पाऊलच टाकायचं नाही असं मी म्हणणार नाही. तिथल्या महादेवाच्या मंदिरात बाराही महिने माणसं दर्शनाला जातात, श्रावणी सोमवारी तर पाय ठेवायला जागा नसते. पण रस्त्यावर पळण्याच्या आपल्या सवयी मात्र तिथं घेऊन जायच्या नाहीत. आपली सवय काय? साडेचारला उठायचं, पाचला बाहेर पडायचं, कानात गाणी घालायची आणि उन्हाच्या आत घरी यायचं. सोलापूरच्या उन्हात दुसरा इलाजही नाही. बिबट्या काय, वाघ काय, त्यांची हालचाल नेमकी पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त. त्यात वळणावरून अचानक, आवाज न करता पळत येणारं माणूस जनावराला दचकवतं, आणि पळणाऱ्या गोष्टीमागं धावणं तर त्याच्या अंगातच असतं.

म्हणून रामलिंगला ऊन वर आल्यावर, आठच्या पुढं सुरुवात करायची आणि दुपारी जेवणाच्या वेळेला जंगलाबाहेर असायचं. ऑक्टोबरनंतर तेवढं ऊन सोसवतं. तिघी एकत्र राहा, कुणी पुढं निघून जायचं नाही. इअरफोन गाडीत ठेवा आणि गप्पा मारत जा. दम लागून गप्पा मारता येत नसतील तर तुम्ही तिथं गरजेपेक्षा जोरात पळताय असं समजा. जनावर दिसलंच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, पाठ फिरवायची नाही. तिघींनी एकमेकींना चिकटून उभं राहायचं आणि त्याच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरायचं. हे निघण्याआधी तिघींनी मोठ्यानं बोलून घ्या. ऐन वेळी पाय डोक्याला विचारत नाहीत.

आणि हो, परवानगी. रामलिंग १९९७ पासून अभयारण्य आहे, क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर. अभयारण्यात कुठून शिरायचं, किती वाजता, कुठपर्यंत, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन विभाग ठरवतो. जायच्या आदल्या आठवड्यात येडशीला वन विभागाच्या माणसांशी बोला आणि सरळ सांगा, की तिघीजणी आहोत, पळायचा-चालायचा सराव करायचाय, कुठली वाट उघडी आहे. वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबरही फोनमध्ये घालून ठेवा. तिथला वनरक्षक तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याही नकाशात सापडणार नाही: काल गुरं कुठं मारली गेली, कुठल्या झाडाला आग्या मोहोळ लागलंय, कुठल्या ओढ्याला अजून पाणी आहे. तो म्हणाला या आठवड्यात येऊ नका, तर हुज्जत न घालता तुळजापूरची वाट धरायची. तुळजापूरचं पुढं सांगतोच.

मिस्टरांच्या नान्नजला मात्र माझा साफ नकार आहे. एक तर तिथं चढ नाही, तो सगळा माळ. दुसरं म्हणजे ते माळढोकासाठी १९७९ मध्ये राखलेलं अभयारण्य आहे. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. आज तो पक्षी तिथं दिसणं हीच मोठी बातमी होते. गवतात जमिनीवर घरटी करणारे इतरही पक्षी आहेत, काळवीट आहेत, लांडगे आहेत. माळावर पळणारं माणूस अर्ध्या मैलावरून दिसतं आणि सगळा माळ अस्वस्थ होतो. नान्नजला दुर्बीण घेऊन जावं, सगळ्या घरादारानं जावं, परवानगी काढून बसून बघावं. पळायचे बूट घरी ठेवून.

आता तुमचा मुख्य प्रश्न, मार्ग. इथं मला तुमच्या मैत्रिणींचा बेत जरा मोडायचाय. दर रविवारी रामलिंग नको. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास, त्यात जंगलाला तुमच्या तिघींच्या धावपळीचा दर आठवड्याचा उपद्रव. पायांची तयारी सोलापुरात करा, चढाची तुळजापुरात, आणि रामलिंगला महिन्यातून एकदा जा, तेही परीक्षा म्हणून.

सोलापुरात चढ कुठला, म्हणाल. तुमच्या इमारतीचा जिना. हसू नका. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर पाच मजले चढल्यावर पंधरा मीटर होतात. वीस फेऱ्या म्हणजे तीनशे मीटर, म्हणजे तुमच्या शर्यतीचा एक तृतीयांश चढ, आणि तोही सावलीत. पहिल्या आठवड्यात सहा फेऱ्या पुरे. मग दर आठवड्याला दोन-तीन वाढवत न्या. चढताना पळायचं नाही. एकेक पायरी पूर्ण तळव्यानं दाबत, किंचित पुढं झुकून, हात मांडीवर ठेवून चढायचं. उतरताना लिफ्ट वापरायची नाही, कारण खरी मेख उतारातच आहे. चढताना दम लागतो, मांड्या मोडतात त्या उतरताना. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो आणि त्यातच त्याचे बारीक तंतू दुखावतात. म्हणून डोंगर उतरल्यावर त्या दिवशी माणूस खुशीत असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना आई आठवते. या दुखण्याची एक बरी बाजू आहे: एकदा मांड्यांनी ते सोसलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं त्या तेवढ्या दुखत नाहीत. जिना उतरणं म्हणजे हीच लस थोडी थोडी टोचून घेणं. शेजारच्या काकू दार उघडून बघतील, बघू द्या. चौथ्या आठवड्यात त्याही दोन मजले तुमच्याबरोबर येतील.

आठवड्यातला एक दिवस डांबर सोडून मातीवर पळा. विजापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना सिद्धेश्वर वनविहार जवळ आहे, झाडी आहे, मातीची वाट आहे. तिथं वेग बघायचा नाही. पाय उचलून टाकायची सवय लावायची. रस्त्यावर पळणारे आपण पाय घासत पळतो, डांबराला ते चालतं. मातीत एक मूळ, एक दगड वर आलेला असला की सरळ तोंडावर.

आता तुळजापूर. कोजागरीला तुम्ही कधी तुळजापूरला चालत गेला असालच, निदान घरातलं कुणीतरी गेलेलं असणार. मग तुम्हाला ठाऊक आहे की सोलापुरातून उत्साहात निघालेली पोरं तामलवाडीपर्यंत जवळजवळ पळत असतात, आणि तीच पोरं घाटाच्या पायथ्याला रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसलेली दिसतात. त्यांच्या शेजारून एखादी साठीची बाई, पायात साधी चप्पल, तोंडात आईचं नाव, एका लयीत वर जाते. तिचा वेग तामलवाडीला जेवढा होता तेवढाच घाटात. डोंगरात कसं पळावं हे मला कुणी विचारलं तर मी त्या बाईच्या मागं चालायला सांगेन.

तर तुळजापूरच्या घाटातला, घाटशीळच्या बाजूचा चढ धरा. सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर, अभयारण्य नाही, माणसांची ये-जा आहे, चहा आहे, दर्शनही होतं. मुख्य रस्त्याच्या वाहनांतून मात्र पळू नका. तुम्ही राहता ते सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि बालाघाटाचं पठार सहा-सातशेच्या घरात. त्यामुळं एका दमात नऊशे मीटर चढ आपल्याकडं कुठंच मिळणार नाही, तुळजापुरात नाही आणि रामलिंगलाही नाही. एकच चढ पुन्हा पुन्हा चढायचा आणि उतरायचा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण शर्यतीच्या दिवशी तिसऱ्या तासाला कंटाळाच जास्त छळतो, त्याचाही सराव होतो.

रामलिंगलाही हाच हिशोब. मंदिर खाली दरीत आहे, भोवती ओढा, पावसाळ्यात धबधबा. वनरक्षकानं दाखवलेली एकच वाट घ्या आणि जायचं-यायचं त्याच वाटेनं. पहिल्या खेपेला ती नुसती चाला. गोल फेरी मारून दुसरीकडून उतरू, असा मोह होतो, तो टाळा. जंगलातल्या गुरांच्या वाटा फसव्या असतात. पहिली शंभर पावलं जाईपर्यंत रुंद, ठसठशीत दिसतात, मग दोन फाटे, मग चार, आणि एकदम बोराटीच्या जाळीत संपतात. अभयारण्यात वाट सोडणं नियमातही बसत नाही. आल्या वाटेनं परतायचं असलं की पाय मुरगळला तरी आपण कुठं आहोत हे माहीत असतं, आणि गाडीपाशी थांबलेल्या माणसालाही माहीत असतं. तो माणूस हवाच. यजमानांना नान्नजऐवजी हे काम द्या. किती वाजता परतणार ते त्यांना सांगून जा आणि किती वाजेपर्यंत आला नाहीत तर वन विभागाला कळवायचं तेही ठरवून जा. दरीत मोबाइलची रेंज असेलच असं धरून चालू नका.

मंदिराच्या आसपास माकडांचा सुळसुळाट आहे. हातात केळं किंवा प्लॅस्टिकची पिशवी दिसली की संपलं. खाणं पाठीवरच्या पिशवीत चेन लावून ठेवा आणि दया येऊन काही खायला घालू नका.

आपल्याकडच्या जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शर्यतीच्या माहितीपत्रकात हे नसतं. बालाघाटाच्या उतारावर कडक खडकावर मुरमाचा पातळ थर असतो. त्यावर पाय टाकणं म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय टाकणं. टाच आधी टेकवलीत की पाय पुढं निघून गेलाच म्हणून समजा. पावलं आखूड, भरभर, पाय अंगाच्या खालीच पडेल असा टाकायचा. घाबरून मागं रेललं की घसरायला होतं. कमरेतून किंचित पुढं झुकलं की भार पावलाच्या मधोमध येतो. हात कोपरातून थोडे बाहेर पसरलेले, नजर पायांवर न ठेवता तीन-चार पावलं पुढं. काळा कातळ कोरडा असेल तर त्याच्याइतकी पकड कशाचीच नाही. तोच ओला असून हिरवट दिसला की शेवाळ आहे, त्यावरून पळायचं नाही, चालायचंही जपून. आणि काळी माती ओली असेल तर सराव रद्द. वीस पावलांत बुटाला किलोभर चिखल चिकटतो, घोटा वळतो आणि तुमच्या मागं वाटेवर खड्डे राहतात, तेच वाळून पुढं सगळ्यांचे पाय मुरगळतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळ. सोलापूरच्या माणसाला कुसळाची ओळख करून द्यायला नको, पण पळताना त्याचा इंगा वेगळाच. गवताच्या बीला मागं पिळदार शेपूट असतं. ते दमट झालं की उलगडतं, वाळलं की पिळतं, आणि त्या पिळानं बी स्क्रूसारखं आत शिरतं. निसर्गानं ती सोय जमिनीत शिरायला केली आहे, पण घामानं भिजलेला मोजा त्याला तितकाच आवडतो. विणलेल्या जाड सुती मोज्यातलं कुसळ तीन धुण्यांनंतरही पायाला टोचतं. गुळगुळीत कापडाचे, घोट्याच्या वर येणारे मोजे घ्या, किंवा बुटाच्या तोंडावर बसणारं कापडी झाकण मिळतं, ते लावा. वाटेत टोचायला लागलं तर थांबून काढा. पुढं गेल्यावर काढू म्हणत ओढलेल्या दोन किलोमीटरचा फोड आठ दिवस पुरतो.

सापांविषयी मैत्रिणी विचारतील. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघंही आपल्या भागात आहेत. दिवसाउजेडी, वाटेवरून, पूर्ण बुटांत पळणाऱ्याला धोका कमी. जास्त धोका बसताना. दगडावर टेकण्याआधी बघा, कपारीत हात घालू नका, आडोशाला जाताना काठीनं आपटून जा. दंश झालाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-बांगड्या काढायच्या, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, वेळ लक्षात ठेवायची आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं. रस्त्यात कुणी मांत्रिक सुचवेल, त्याला नमस्कार करून पुढं जा.

खरं सांगू, वाघ-सापांपेक्षा तुमच्या घोट्याची मला जास्त काळजी वाटते. सरावात पाय मुरगळून शर्यत हुकलेली माणसं पैशाला पासरी आहेत. दात घासताना एका पायावर उभं राहा, निम्मा वेळ उजव्या, निम्मा डाव्या. जमायला लागलं की डोळे मिटून, बेसिनला हात लावायच्या बेतात. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचा व्यायाम रोज. एवढ्याला जिम लागत नाही.

गावाच्या कडेला धनगरांची कुत्री भेटतात. ती रस्त्यावरच्या कुत्र्यांसारखी नुसती भुंकत नाहीत, मेंढरांची राखण हे त्यांचं काम आहे आणि ती ते चोख करतात. लांबून कळप दिसला की पळणं थांबवा, चालत कडेनं जा आणि मेंढपाळाला आधीच हाक मारा. त्यानं एक शीळ घातली की प्रश्न मिटतो. उगारलेल्या दगडानं वाढतो.

आता तुमच्या मनातली भीती, २१ किलोमीटर. तुम्ही सत्तर मिनिटांत दहा म्हणून गणित घालत असाल, की अडीच तासांत होईल. होणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. डोंगरात पळणारे एक सोपा हिशोब करतात: शंभर मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा जादा एक किलोमीटर. तुमचे २१ अधिक ९ म्हणजे ३०. किलोमीटरला सात मिनिटांनी साडेतीन तास, वर खडकाळ उतार, रांगा, दमणूक धरून चार. तेव्हा सरावाचा रविवार किलोमीटरात न मोजता तासांत मोजा. ऑक्टोबरात दीड तास, नोव्हेंबरात दोन, डिसेंबरच्या मध्यापर्यंत एकदा तीन. त्यातला किती चाललात नि किती पळालात याची नोंदही ठेवू नका. चढावर चालणं ही हार आहे असं रस्त्यावर पळणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुमच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याही कित्येक चढ चालतच चढतील. शर्यतीआधीचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणा. तेव्हा केलेली मेहनत शर्यतीत उपयोगी पडत नाही, फक्त थकवते.

चार तास म्हटल्यावर खाणं आलं. नुसत्या पाण्यावर चार तास निघत नाहीत, आणि घाम गाळत नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट मळमळ-गुंगी येते. तासाला साधारण अर्धा लिटर, ऊन जास्त असेल तर थोडं वर, घोट घोट. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, वर लिंबू पिळा. दुकानातल्या रंगीत पाण्यापेक्षा हे मला कधीही बरं वाटतं. खायला दर पाऊण तासाला काहीतरी गोड, चावायला सोपं: खजूर, राजगिऱ्याचा लाडू, आणि आपली शेंगाची पोळी चौकोनी तुकडे करून. ती दोन दिवस टिकते, पिशवीत दबली तरी बिघडत नाही. कडक भाकरीचा प्रयोग करू नका. धाप लागलेली असताना तिचा चुरा घशात अडकला की शेंगा चटणीसुद्धा सोडवत नाही. शर्यतीत जे खाणार ते सरावात किमान तीन-चारदा खाऊन बघा, पोटाला नव्याची नवलाई नको.

बूट घ्या, हो. तळाला चार-पाच मिलिमीटरची नक्षी असलेले ट्रेलचे. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पळायचे मोजे घालूनच मापं बघा. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नख आपटून काळं पडतं आणि दीड महिन्यानं गळून पडतं. दुकानाच्या पायरीवरून दोनदा उतरून बघा. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे. दिवाळीच्या आत घेतलेत तर जानेवारीपर्यंत ते पायाला सरावतील.

घड्याळ नको. चढ आणि वेळ फोनवरही मोजता येतो. त्या पंचवीस हजारांत बूट येतील, मोज्यांचे दोन जोड येतील, पाण्याची पाठपिशवी येईल, तिघींच्या वाट्याचं पेट्रोल निघेल. उरलेल्यात सासूबाईंना एकदा रामलिंगच्या दर्शनाला घेऊन जा, भर दुपारी, गाडीनं. तिथल्या वनरक्षकाशी त्या स्वतः बोलल्या की तुमच्या पुढच्या खेपेची परवानगी घरातूनच मिळेल.